सफरचंदाचे वाण व तोडणीचे हंगाम

सफरचंद हे रोझेसी (गुलाब) कुलातील, मॅलस डोमेस्टिका या शास्त्रीय नावाच्या पानझडी वृक्षाचे फळ होय. मध्य आशियातील त्येन शान पर्वतराजीत आढळणारी मॅलस सिव्हर्सी ही रानटी जाती त्याची मुख्य पूर्वज असल्याचे आनुवंशिकीय संशोधनातून दिसून आले आहे. जगात सफरचंदाचे हजारो वाण नोंदले गेले असले, तरी व्यापारी लागवडीत त्यांपैकी थोडेच आहेत. भारतात जम्मू व काश्मीर, हिमाचल प्रदेश, उत्तराखंड आणि अरुणाचल प्रदेश येथे हे फळ होते. उत्पादनात काश्मीरचा वाटा सर्वांत मोठा असून त्याखालोखाल हिमाचल प्रदेशाचा क्रमांक लागतो. हिमाचल प्रदेशातील बहुतेक बागा लहान, एकेका कुटुंबाच्या मालकीच्या व डोंगरउतारावरील पायऱ्यांच्या शेतांत लावलेल्या आहेत. प्रस्तुत नोंदीत अशा कौटुंबिक बागांतील वाण व त्यांच्या तोडणीचे हंगाम यांचे विवेचन केले आहे.

या दोन गोष्टींचा परस्परसंबंध निकटचा आहे. वाणाची निवड कुटुंबाला एकदाच करावयाची असते व तिचे बरेवाईट फळ पुढे तीस-चाळीस वर्षे मिळत राहते. तोडणीचा निर्णय दरवर्षी, मोजक्या दिवसांत घ्यावयाचा असतो व एकदा फळ झाडावरून उतरले की, तो फिरविता येत नाही. बागेचे वर्षाचे उत्पन्न या दोन निर्णयांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

इतिहास : हिमाचल प्रदेशातील सफरचंदाची लागवड ब्रिटिश रहिवाशांनी सुरू केली. कॅप्टन आर. सी. ली यांनी १८७० च्या सुमारास कुलू खोऱ्यातील बंदरोल येथे बाग लावली. त्यानंतर अलेक्झांडर कुट्स यांनी सिमल्याजवळील मशोबरा येथे लागवड केली. या बागांतील इंग्लिश वाण बहुतांशी आंबटसर चवीचे होते आणि भारतीय ग्राहकाला ते फारसे रुचले नाहीत. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथून १९०४ मध्ये भारतात आलेले सॅम्युएल इव्हान्स स्टोक्स (१८८२–१९४६, पुढे सत्यानंद स्टोक्स) यांनी सिमला जिल्ह्यातील कोटगढ परिसरात १९१६ च्या सुमारास रेड डेलिशस या गोड अमेरिकन वाणाची झाडे आणून लावली, पुढे गोल्डन डेलिशस हा वाणही आला. त्यांनी शेजारच्या शेतकऱ्यांना लागवडीस प्रोत्साहन दिले. पूर्वी धान्य व बटाटा यांवर निर्वाह करणाऱ्या कुटुंबांना या फळाने नगदी उत्पन्नाचे साधन दिले आणि डेलिशस गटातील वाण डोंगराळ भागात सर्वत्र पसरले. आज राज्यात एक लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र या पिकाखाली असून सिमला, कुलू, किन्नौर, मंडी व चंबा हे त्यातील प्रमुख जिल्हे होत.

वाणांचे स्वरूप : सफरचंदाच्या बीपासून वाढविलेले झाड मातृवृक्षासारखी फळे देत नाही. त्यामुळे वाणाची वाढ कलमाने किंवा डोळा भरून करतात. रेड डेलिशस हा वाण अमेरिकेच्या आयोवा राज्यात जेसी हायट यांच्या बागेत आपोआप उगवलेल्या एका रोपापासून निर्माण झाला. जगातील त्याची सर्व झाडे या एका झाडाचीच विस्तारित रूपे आहेत. फांदीवर नैसर्गिक रीत्या घडणाऱ्या उत्परिवर्तनांतून त्याचे अनेक उपप्रकार निघाले. रॉयल डेलिशस, स्टार्किंग डेलिशस, ऑरेगॉन स्पर, रेड चीफ व अलीकडील स्कार्लेट स्पर, सुपर चीफ, जेरोमिन हे सर्व या गटातील आहेत. फळाच्या तळाशी असलेले पाच उंचवटे ही या गटाची ठळक खूण होय.

इतर महत्त्वाच्या वाणांत पुढील वाण येतात : टायडमन्स अर्ली वुस्टर हा इंग्लंडमधील ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्रात तयार झालेला हळवा वाण, गाला हा न्यूझीलंडमध्ये किड्स ऑरेंज रेड व गोल्डन डेलिशस यांच्या संकरातून निघालेला, लहान आकाराचा पण रसाळ वाण, गोल्डन डेलिशस हा पिवळ्या सालीचा, सुवासिक वाण, ग्रॅनी स्मिथ हा ऑस्ट्रेलियातील हिरवा, आंबट व उत्तम टिकणारा वाण, फूजी हा जपानमध्ये रॉल्स जॅनेट व रेड डेलिशस यांच्या संकरातून मिळालेला व १९६२ मध्ये प्रसारित झालेला गरवा, कुरकुरीत वाण. काश्मीरमधील अंबरी हा सुगंधी व दीर्घकाळ टिकणारा स्थानिक वाण असून त्याच्या संकरातून लाल अंबरी, सुनहरी इ. वाण निर्माण करण्यात आले आहेत.

परागण व मिश्र लागवड : डेलिशस गटातील झाडांना स्वतःच्याच वाणाच्या परागाने पुरेशी फळधारणा होत नाही. रॉयल डेलिशस व रेड चीफ ही नावे निराळी असली, तरी त्यांचा मूळ वृक्ष एकच असल्याने ते परस्परांना उपयोगी पडत नाहीत. यासाठी त्याच सुमारास फुलणारा दुसऱ्या कुळीचा परागदाता वाण बागेत असावा लागतो. गोल्डन डेलिशस, टायडमन्स अर्ली, रेड गोल्ड, गाला तसेच मांचुरियन, गोल्डन हॉर्नेट यांसारखी रानटी सफरचंदे या कामी लावतात. परागदाता झाडांचे प्रमाण एकूण झाडांच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शापर्यंत असावे, अशी शिफारस करतात. मात्र लाल सफरचंदाला भाव अधिक मिळतो या कारणाने अनेक कुटुंबांनी पूर्वी परागदाता झाडे जवळजवळ वगळलीच. फुलोऱ्याच्या काळात थंडी, पाऊस किंवा वारा असला आणि मधमाश्या कमी फिरल्या की, अशा बागांत फूल भरपूर पण फळ थोडे अशी स्थिती होते. मग परागदाता वाणाच्या फुलांच्या फांद्या पाणी भरलेल्या डब्यांत ठेवून त्या झाडांना टांगणे, मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणणे किंवा जुन्या झाडाच्या एखाद्या फांदीवर परागदाता वाणाचे कलम करणे, असे उपाय करावे लागतात.

मिश्र लागवडीचा दुसरा लाभ रोगाच्या संदर्भात दिसतो. स्कॅब या नावाने ओळखला जाणारा कवकजन्य रोग काश्मीरमध्ये १९७३ मध्ये व हिमाचल प्रदेशात १९८३ मध्ये साथीच्या स्वरूपात पसरला. पाने व फळे यांवर काळपट, खरबरीत डाग पडून माल विक्रीस अयोग्य ठरला. डेलिशस गट या रोगाला सहज बळी पडणारा असल्याने एकाच वाणावर विसंबलेल्या कुटुंबांचे मोठे नुकसान झाले. त्यानंतर औषध फवारणीची वेळापत्रके आखण्यात आली, तसेच फ्लोरिना, फिरदौस, शिरीन यांसारख्या रोगप्रतिकारक वाणांचा पुरस्कार होऊ लागला.

तिसरा लाभ मजुरीचा होय. संपूर्ण बाग एकाच वाणाची असली, तर फळे दोन-तीन आठवड्यांत एकदम तयार होतात. त्याच दिवसांत शेजारच्या सर्व बागांची तोडणी चालू असल्याने मजूर (यांत नेपाळमधून हंगामापुरते येणारे बरेच असतात), खोकी व मालमोटारी या सर्वांचीच टंचाई होते आणि मंडीत माल दाटल्याने भाव उतरतो. हळवे, निमगरवे व गरवे वाण योग्य प्रमाणात असल्यास तीच तोडणी जूनअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत विभागली जाते व बरेचसे काम घरच्या माणसांना झेपते.

तोडणीचे हंगाम : वाण, समुद्रसपाटीपासूनची उंची, उताराची दिशा आणि त्या वर्षीचे हवामान यांवर तोडणीचा काळ ठरतो. पूर्ण फुलोऱ्यापासून मोजलेले दिवस हे त्याचे सर्वांत स्थूल पण उपयुक्त गमक मानतात. गालाला सुमारे ११० ते १२०, रेड डेलिशस गटाला सुमारे १३५ ते १५०, गोल्डन डेलिशसला सुमारे १४० ते १५० आणि ग्रॅनी स्मिथ व फूजी यांना सुमारे १६५ ते १८० दिवस लागतात. मध्यम उंचीवर (सुमारे १,५०० ते २,२०० मी.) फुलोरा साधारणतः एप्रिलमध्ये येतो. त्यानुसार तेथील हंगामाचा क्रम पुढीलप्रमाणे असतो : जूनचा शेवट ते जुलैचा मध्य – टायडमन्स अर्ली व इतर हळवे वाण, जुलैचा शेवट ते ऑगस्टचा पूर्वार्ध – गाला, ऑगस्ट ते सप्टेंबरचा मध्य – रॉयल डेलिशस व त्या गटातील वाण, ऑगस्टअखेर ते सप्टेंबर – गोल्डन डेलिशस, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर – ग्रॅनी स्मिथ व फूजी. उंची वाढत जाते तसा हंगाम लांबतो. त्यामुळे किन्नौरमधील उंच खोऱ्यांत डेलिशस गटाची तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चालू असते. ज्या कुटुंबाची शेते एकाच उतारावर खाली-वर विखुरलेली असतात, त्याला एकाच वाणाची तोडणीही खालून वर अशी टप्प्याटप्प्याने करता येते.

हळवे वाण बाजारात प्रथम पोहोचत असल्याने त्यांना चांगला भाव मिळतो. परंतु ते थोडेच दिवस टिकतात व त्यांची तोडणी ऐन पावसाळ्यात येते. दरडी कोसळून रस्ता चार दिवस बंद राहिल्यास हा माल वाटेतच नासतो. गरवे वाण टिकाऊ असतात, पण झाडावर अधिक काळ राहिल्याने गारपीट, पक्षी व रोग यांचा धोकाही त्यांना अधिक काळ असतो.

पक्वतेची लक्षणे : सफरचंद हे आंब्याप्रमाणेच तोडल्यानंतर पिकणारे फळ आहे. कोकणात हापूस पुरता पिकण्यापूर्वीच उतरवून आढीत घालतात. त्याचप्रमाणे सफरचंदही पूर्ण वाढ झाल्यावर परंतु खाण्यास योग्य होण्याच्या थोडे आधी तोडतात. वाढ पूर्ण होताच फळात एथिलीन वायूची निर्मिती व श्वसनाचा वेग एकदम वाढतो आणि पुढील बदल झपाट्याने होतात. टिकवावयाचे फळ या वाढीच्या आरंभी उतरविणे इष्ट असते. वाढ अपुरी असताना तोडलेले फळ मात्र कितीही दिवस ठेवले, तरी त्याला खरी गोडी व सुवास येत नाही. ते सुरकुतते व साठवणीत त्याची साल तपकिरी पडते. उशिरा तोडलेले फळ पिठूळ होते, गरात पाणथळ डाग पडतात व बरीच फळे आपोआप गळतात.

योग्य वेळ ओळखण्याच्या काही कसोट्या आहेत. (१) स्टार्च कसोटी : फळ आडवे कापून कापलेली बाजू आयोडिनाच्या विद्रावात बुडवितात. स्टार्च असलेला भाग निळा-काळा होतो. पक्वतेबरोबर स्टार्चाचे शर्करेत रूपांतर गाभ्याकडून सालीकडे होत जाते. म्हणून गाभा स्वच्छ व बाहेरील गर काळा असलेले फळ साठवणीस योग्य आणि बहुतेक भाग स्वच्छ झालेले फळ लगेच विक्रीस योग्य समजतात. (२) घट्टपणा : दाबमापकाची ११ मिमी. व्यासाची दांडी सोललेल्या गरात घुसविण्यास लागणारा दाब डेलिशस गटात तोडणीच्या वेळी सुमारे ७ ते ८ किग्रॅ. असतो. (३) गोडी : रसातील विद्राव्य घनपदार्थ प्रणमनांकमापकाने मोजतात, ते साधारणतः ११ ते १२ टक्क्यांच्या पुढे असावेत. (४) बियांचा रंग : पांढऱ्या बिया तपकिरी होतात. (५) सालीचा मूळ रंग : लाल छटेखालील हिरवा रंग पिवळसर होऊ लागतो.

यांपैकी लाल रंगाला बागाईतदार सर्वाधिक महत्त्व देतात आणि नेमका तोच सर्वांत फसवा असतो. लाल रंगद्रव्य सूर्यप्रकाश व थंड रात्री यांच्यामुळे तयार होते. त्याचा गराच्या पक्वतेशी थेट संबंध नसतो. गडद रंगाच्या नव्या उपप्रकारांत फळ तयार होण्यापूर्वी कित्येक दिवस पूर्ण लाल दिसते. उलटपक्षी कमी उंचीवर, उबदार रात्रींमुळे, तयार फळही फिकट राहते. अशा ठिकाणी रंग लवकर यावा म्हणून काही जण इथेफॉन या रसायनाची फवारणी करतात. रंग येतो, पण पिकण्याची क्रियाही वेगाने सुरू होऊन फळाचे टिकण्याचे दिवस घटतात. काश्मीरमधील मुख्य माल सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बाजारात येण्यापूर्वी आपला माल विकला जावा, ही घाईदेखील अकाली तोडणीस कारणीभूत होते. एका खेपेला चढा भाव मिळाला, तरी बेचव फळाचा अनुभव घेतलेला ग्राहक पुढच्या खेपेला हात आखडता घेतो व त्याची झळ वेळेवर तोडणाऱ्या कुटुंबांनाही पोहोचते.

तोडणीची पद्धत : झाडावरील सर्व फळे एकाच दिवशी तयार होत नाहीत, बाहेरील व शेंड्याकडील फळे आधी, आतील सावलीतील नंतर तयार होतात. म्हणून दोन ते तीन वेळा निवडून तोडणी करणे श्रेयस्कर असते. फळ तळहातात धरून, देठाच्या सांध्यावर बोट टेकवून, किंचित वर उचलून पिळ दिल्यास ते देठासह सुटते. ओढून तोडल्यास देठ निघून जखम होते व तेथून कूज शिरते. शिवाय फळ धारण करणारी आखूड फांदी मोडते. या फांदीवरच पुढील वर्षाची फुलकळी आदल्या उन्हाळ्यात तयार झालेली असल्याने निष्काळजी तोडणीने येणाऱ्या वर्षाचेही पीक घटते. दव सुकल्यावर तोडणी सुरू करतात. फळे अस्तर लावलेल्या टोपल्यांत घेऊन पाठीवरील किलटा नावाच्या निमुळत्या बुरडी टोपलीतून प्रतवारीच्या जागी आणतात व सावलीत पसरून थंड होऊ देतात.

प्रतवारी व साठवण : आकारानुसार फळांच्या एक्स्ट्रा लार्ज, लार्ज, मीडियम, स्मॉल, एक्स्ट्रा स्मॉल व पित्तू अशा प्रती पाडतात. पूर्वी देवदार वर्गातील झाडांच्या लाकडाची खोकी वापरीत. जंगलतोडीला आळा घालण्यासाठी त्यांची जागा पन्हळी पुठ्ठ्याच्या खोक्यांनी घेतली. खोक्यात ठरावापेक्षा अधिक माल भरण्याची प्रथा बागाईतदारांना तोट्याची ठरत असल्याने हिमाचल प्रदेशात २०२४ च्या हंगामापासून एकाच मापाचे, सुमारे २० किग्रॅ. मालाचे खोके लागू करण्यात आले. डाग पडलेली व गळालेली फळे रस आणि इतर पदार्थांसाठी जातात. या कामासाठी राज्यात १९७४ मध्ये एचपीएमसी हे फलोत्पादन विपणन व प्रक्रिया महामंडळ स्थापन झाले.

नियंत्रित वातावरणाच्या कोठारांत तापमान ० ते २° से., ऑक्सिजन २ ते ३ टक्के व कार्बन डाय-ऑक्साइड १ ते ३ टक्के राखल्यास योग्य वेळी तोडलेली सफरचंदे आठ-दहा महिने टिकतात. या पद्धतीचा पाया केंब्रिज येथे किड व वेस्ट या शास्त्रज्ञांनी १९२० नंतरच्या दशकात घातला. साठवणीने फळाची प्रत सुधारत नाही. तोडणीच्या वेळी असलेली प्रतच काही काळ राखली जाते.

हवामानातील बदल व नवी लागवड : डेलिशस गटाला हिवाळ्यात ७° से. पेक्षा कमी तापमानाचे सुमारे १,००० ते १,५०० तास मिळावे लागतात. ते न मिळाल्यास कळ्या अनियमित फुटतात. हिमवर्षाव घटल्याने व हिवाळे सौम्य झाल्याने कुलू खोऱ्याच्या खालच्या भागातील अनेक बागा तोडून तेथे डाळिंब व भाजीपाला घेण्यात येऊ लागला आहे. उलट लाहौल-स्पितीसारख्या, पूर्वी अतिथंड मानलेल्या भागात सफरचंद पसरत आहे. ज्या कुटुंबाला वर सरकण्यासाठी जमीन नाही, त्याच्यापुढे वाण बदलणे हाच मार्ग उरतो. मध्यम थंडीत येणारे गालाचे उपप्रकार आणि एम-९, एमएम-१०६ यांसारखे वाढ मर्यादित ठेवणारे खुंट यासाठी वापरतात. बीजू खुंटावरील झाडे ६ × ६ मी. अंतरावर हेक्टरी सुमारे २७५ बसतात व त्यांना सात-आठ वर्षांनी फळे धरतात; एम-९ वरील झाडे ३ × १ मी. अंतरावर हेक्टरी सुमारे ३,३०० बसतात व दोन-तीन वर्षांत फळे देऊ लागतात. मात्र त्यांची मुळे उथळ असल्याने आधाराच्या तारा व नियमित पाणी यांचा खर्च आवश्यक ठरतो आणि कोरडवाहू उतारावरील लहान बागाईतदाराला तो सहज परवडत नाही. या संदर्भातील संशोधन सोलनजवळील नौणी येथील डॉ. यशवंत सिंह परमार उद्यानविद्या व वनविद्या विद्यापीठ (स्थापना १९८५) आणि त्याचे मशोबरा येथील केंद्र यांमध्ये चालते.

अल्प थंडीत फळणारे ॲना, डॉरसेट गोल्डन व हिमाचल प्रदेशातील बिलासपूरच्या सखल भागात निवडलेला एचआरएमएन-९९ हे वाण महाराष्ट्रातील काही शेतकऱ्यांनीही लावून पाहिले आहेत. त्यांची फळे मैदानी हवेत उन्हाळ्यात तयार होतात, म्हणजे डोंगराळ भागातील माल बाजारात नसतो त्या वेळी. परंतु त्यांचा रंग व टिकाऊपणा डोंगरी मालाच्या तोडीचा नसतो. महाराष्ट्राचा या फळाशी मुख्य संबंध अद्याप ग्राहक म्हणूनच असून नवी मुंबईतील वाशीच्या बाजारात हिमाचल प्रदेश व काश्मीर येथील माल मोठ्या प्रमाणावर येतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात मिळणारे फळ बहुधा नव्या तोडणीचे, तर फेब्रुवारीनंतर मिळणारे देशी फळ बहुधा कोठारातून काढलेले असते. खरेदी करताना लाल रंगापेक्षा रंगाखालील पिवळसर झाक, घट्टपणा, शाबूत देठ व सुवास यांकडे लक्ष दिल्यास वेळेवर तोडलेले फळ ओळखता येते.